मास्तरांची एटहंड्रेड आणि ग्रीसचं इंजेक्शन

गणेश चतुर्थीच्या, म्हणजे आमच्या चवथीच्या, आधीचा आठवडा म्हणजे गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते, ज्याला त्याला गाडी आजच पाहिजे असते. तशा गर्दीत भर पावसात मास्तर आले. मास्तर सत्तरीतले, मराठी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. त्यांची मारुती एटहंड्रेड, जी कंपनीनं २०१४ सालीच बंद केली, ती अजून टकाटक आहे. ऑइल, प्लग, ब्रेक शू सगळं घरीच करतात आणि खरं सांगायचं तर आमच्या पोरांपेक्षा निगुतीनं करतात.

म्हणाले, "अरे, फक्त हवा चेक कर, उद्या हिला घेऊन चोर्ल्याच्या घाटातून बेळगावला जायचंय बाजाराला."

हवा भरताना डाव्या पुढच्या टायरवर हात फिरवला तर एका कडेला रबर करवतीसारखं दातेरी झालेलं. म्हटलं, मास्तर, खड्ड्यात खटखट येते का?

"येत होती, मी बंद केली."

कशी, तर मोठी सिरिंज आणली, जाड सुई लावली आणि बॉल जॉईंटच्या (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा, वाटीत गोळा फिरतो तसा सांधा) रबरी बुटातून, म्हणजे टोपणातून, आत ग्रीस मारलं! आता हा जॉईंट सील्ड असतो, त्याला ग्रीस भरायचं निपल नसतं, म्हणून बरेच जण ही युक्ती करतात. जॉईंट धड असताना केली तर चालूनही जाते. पण एकदा बॉल आणि त्याची वाटी झिजली की ग्रीस फक्त आवाज गिळतं, झिजलेलं लोखंड काय परत येत नाही.

जॅक लावला, खाली स्टँड ठेवला (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका हो, कितीही घाई असू दे). चाक वर-खाली धरून हलवलं, हललं. काकी गाडीत बसलेल्याच होत्या, त्यांना ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही हललं तर बॉल जॉईंटचा. हललं. आडवं धरून हलवलं तर तिथं ढिलेपणा नव्हता, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, टाय रॉड एंड, ठीक होता. मग चाक तसंच लोंबकळतं ठेवून लोअर आर्म आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मधे टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली, जरा उचलली, आणि खटकन आवाज आला. बूट खालून फाटलेला, आतून लालभडक चिखल आणि ग्रीसचा लगदा बोटावर आला. आमची तांबडी माती ग्रीसमध्ये कालवली की व्हॉल्व घासायची पेस्टच तयार होते, आणि ती फिरत होती बरोबर बॉलवर.

मास्तरांनी चष्मा पुसून परत बघितलं. मी सांगितलं, घाटात वळणावर हा बॉल वाटीतून निसटला तर चाक आडवं पडणार, अ‍ॅक्सल ओढला जाणार, स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं. काकी दार उघडून उतरल्याच, "आम्ही कदंबच्या बसनं जातो!"

ह्या गाडीत जॉईंट आर्मसकट येतो, तो माझ्याकडे होता. पण मास्तर म्हणाले मीच बसवणार, तू नुसता बघ. मग बसले गोणपाट अंथरून. पेपरवर काढलेला एकेक नट-बोल्ट क्रमानं मांडला. नकलमध्ये जॉईंटचा दांडा आवळून धरणारा पिंच बोल्ट गंजून बसलेला, खाऱ्या हवेचा प्रसाद. मी सांगितलं जोर लावू नका, तुटला तर रात्र इथंच जाईल, गंजाचं तेल मारा आणि चहा घ्या. चहा झाल्यावर सुटला. वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या दांड्याच्या, अँटिरोल बारच्या, टोकाचा रबर बुशही चपटा झालेला, तोही बदलला. मास्तर त्याला ग्रीस लावणार तेवढ्यात मी हात धरला, साधं ग्रीस लागलं की रबर फुगतं. साबणाच्या पाण्यानं बसवा म्हटलं.

एका गोष्टीवर मात्र चांगलीच हुज्जत झाली. सगळे बोल्ट बसल्यावर मास्तर पाना घेऊन आर्मचा बोल्ट आवळायला निघाले, गाडी अजून स्टँडवर! म्हटलं थांबा, चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, पुढून दोनचारदा दाबा आणि मग फायनल आवळा. लोंबकळत्या आर्मवर आवळलं तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. मास्तरांना कारण पटल्याशिवाय काही पटत नाही, त्यामुळे मला खडूनं फरशीवर चित्र काढून दाखवावं लागलं. त्यात एक चूक पण काढली त्यांनी.

पैशाच्या वेळेला आर्म आणि बुशाचे घेतले, लेबर नाही. मास्तर म्हणे, "शिकवणीचे पण घे की." मी म्हटलं ते राहू दे, आधी म्हापशाला जाऊन चाकांची अलाइनमेंट करून या. आणि उजवीकडच्या जॉईंटला पण सुई मारलीय ना?

"दोन्हीकडे मारलीय."

मग चवथ झाली की तोपण आणा म्हटलं, आणि तोवर बेळगाव कदंबनंच.