पोलीस गोळीबारातला मृत्यू : कागदांच्या मागे लागताना आलेला माझा अनुभव

एफआयआरची प्रत हातात आली तेव्हा आरोपीच्या रकान्यात मेलेल्या मुलाचंच नाव होतं. खुनाचा प्रयत्न, सरकारी कामात अडथळा, विनापरवाना शस्त्र. त्याच्या मृत्यूबद्दल शेवटी एक वाक्य. कुटुंबाच्या वतीने कागद गोळा करण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि सगळी मेख त्या एका रकान्यात आहे हे लक्षात यायला मला फार उशीर लागला.

मेख अशी. अशा गुन्ह्यात फिर्यादी पोलीस असतो, बहुधा गोळीबाराच्या पथकातलाच. आरोपी मयत, म्हणून तपास संपला की पोलीस अबेट समरी, म्हणजे आरोपी मेल्यामुळे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवतात. समरीवर आदेश करण्याआधी कोर्ट नोटीस काढतं ती फिर्यादीला, आणि फिर्यादीची अर्थातच काही हरकत नसते. प्रकरण बंद झाल्याचं नातेवाइकांना वर्षभरानं कळतं. यावर उपाय एका पानाचा आहे. एफआयआरचा क्रमांक मिळाला की त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा: 'या गुन्ह्यात कोणताही अंतिम अहवाल आल्यास मयताच्या आईला ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये.' दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक शिक्का घ्यावा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. महिलेला तो उत्पन्नाची अट न लावता मिळतो, म्हणून आम्ही सगळे अर्ज आईच्या नावाने केले.

हे झालं नंतरचं. खरी घाई पहिल्या दिवशी रुग्णालयात असते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पोलीस गोळीबारातल्या मृत्यूंसाठी १६ निर्देश दिले. त्यांची मराठीत दोन पानं करून खिशात ठेवावीत, कारण रात्री अकरा वाजता शवागाराबाहेर कायद्यावर चर्चा करायला कुणी थांबत नाही. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचं, शक्यतो त्यातला एक रुग्णालयाचा प्रमुख असावा आणि सगळ्याचं चित्रीकरण व्हावं, असं त्यात स्पष्ट आहे. आम्ही हे लेखी मागितलं तेव्हा उत्तर आलं, 'कॅमेरावाला नाही.' मग त्याच कागदावर 'चित्रीकरण का होत नाही ते लिहून द्या' अशी ओळ वाढवली. तासाभरात कॅमेरा आला.

कपड्यांसाठी भांडावं. अंगावरचा शर्ट रक्तानं माखलेला म्हणून फेकला जातो किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला जातो. ओला कपडा पिशवीत कुजतो आणि पुरावा जातो. तो सावलीत वाळवून कागदात सीलबंद व्हायला हवा. महत्त्व असं की गोळी जवळून झाडली असेल तर काजळी आणि न जळलेल्या दारूचे कण कपड्यावर अडकतात आणि खालची कातडी स्वच्छ दिसते. कपडा हरवला तर 'काजळी नाही, म्हणजे गोळी लांबून लागली' असा निष्कर्ष सहज निघतो. शवविच्छेदन अहवालात प्रत्येक जखमेपुढे चार गोष्टी शोधायच्या: गोळी आत शिरल्याची जखम की बाहेर पडल्याची, टाचेपासूनची उंची, कडेचा काळपटपणा किंवा ठिपके, आणि गोळीची आतली दिशा. समोरासमोर चकमक झाली असं म्हणतात आणि गोळी पाठीतून वरून खाली गेलेली असते, तेव्हा बाकी युक्तिवादाची फारशी गरज उरत नाही. हातावरचे बारुदाचे कण मात्र काही तासांत झडतात, हात पुसले की लगेच जातात. मुलानं गोळी झाडली म्हणतात, तर त्याच्या हाताचे नमुने घेतले का आणि किती वाजता, हे विचारायचंच.

आता वेळा. मी एका मोठ्या कागदावर फक्त वेळांचे रकाने आखले: खबर मिळाल्याची नोंद, पथक निघाल्याची स्टेशन डायरी, वाहनाचं लॉगबुक, नियंत्रण कक्षाचा वायरलेस लॉग, गोळीबार, रुग्णालयातली आवक, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, एफआयआर कोर्टात पोचल्याची वेळ. मिळालेली खबर थोडक्यात का होईना, लिहून ठेवायची, हा २०१४ च्या निर्देशांतला पहिलाच मुद्दा. शस्त्रागाराच्या नोंदवहीत किती काडतुसं दिली आणि किती परत आली ते असतं. तो आकडा घटनास्थळाच्या पंचनाम्यातल्या पुंगळ्यांशी जुळायला हवा. रिव्हॉल्व्हर असेल तर पुंगळ्या आपोआप बाहेर पडत नाहीत, म्हणून न जुळणारा आकडा पाहून लगेच आरडाओरडा करू नये. आधी शस्त्राचा प्रकार पाहावा.

वेळेचा पुरावा काय करू शकतो हे मुंबईच्या लखनभैया प्रकरणात, म्हणजे रामनारायण गुप्ता याच्या बनावट चकमकीच्या खटल्यात, दिसलं. ११ नोव्हेंबर २००६ ला पोलिसांनी त्याला उचलल्यावर, चकमकीची बातमी येण्याआधीच, त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना तार आणि फॅक्स पाठवले होते. २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टात निर्दोष सुटलेल्या अधिकाऱ्यालाही दोषी ठरवलं. आज कुणाला उचलून नेलं तर तारेच्या जागी नियंत्रण कक्षाला फोन आणि पोलीस अधीक्षकांना ईमेल, दोन्ही त्याच मिनिटाला.

दुकानांचे कॅमेरे जुनं चित्रीकरण काही दिवसांत पुसून त्यावर नवं घेतात. पेनड्राइव्हवर क्लिप आणली तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (क्लिप कुठल्या यंत्रातून, कशी घेतली ते सांगणारं) नसेल तर कोर्टात अडतं. दुकानदार तयार आहे तोवरच सही घ्यावी. पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणासाठी मात्र वेळ असतो, पण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्यावा.

दंडाधिकारी चौकशी होतेच, ती बंधनकारक आहे. अडचण अशी की तिची जाहीर नोटीस बारक्या टायपात वर्तमानपत्रात येते आणि 'मुदतीत कुणी हजर राहिलं नाही' असा शेरा पडतो. आम्ही दर आठवड्याला कार्यालयात जाऊन विचारायचो. साक्षीदारांचे जबाब तोंडी सांगण्याऐवजी सही करून लेखी दिले, म्हणजे लिहून घेताना अर्थ बदलत नाही.

माहिती अधिकारात महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. सगळं एकत्र मागितलं की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. मी लॉगबुक, शस्त्रनोंद, वायरलेस लॉग असे वेगळे अर्ज केले. 'तपास चालू आहे' म्हणून नकार आला तर अपिलात लिहावं की कलम ८(१)(ज) खाली तपासाला अडथळा कसा येतो हे दाखवावं लागतं, तपास चालू आहे एवढं पुरत नाही. पहिलं अपील ३० दिवसांत.

मानवी हक्क आयोगाच्या बाबतीत आमची चूक झाली. राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग, दोन्हीकडे तक्रार टाकली. राज्य आयोगापुढे प्रकरण असलं की राष्ट्रीय आयोग ते घेत नाही. कुठे जायचं ते आधी ठरवावं, आणि घटनेपासून एक वर्षाच्या आत.

मृत्यूचा वेगळा गुन्हा नोंदवायला ठाण्यानं नकार दिला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांना लेखी तक्रार स्पीड पोस्टाने, आणि नंतर शपथपत्रासह कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोस्टाची पावती जोडली नाही तर अर्ज तिथेच अडकतो. जन्मठेप किंवा फाशीचा आरोप नसलेल्याला अटक करताना ठार मारण्याचा अधिकार याच संहितेचं कलम ४३ देत नाही. मग पोलिसांकडे उरतो तो आत्मसंरक्षणाचा बचाव, आणि त्याला घटनेतल्या तपशिलांचा आधार लागतो.

सर्वात कमी वापरला जाणारा दरवाजा २०१४ च्या सोळाव्या निर्देशातला आहे: प्रक्रिया पाळली गेली नाही किंवा तपास निःपक्ष नाही असं वाटलं, तर नातेवाइकांनी थेट त्या हद्दीच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करायची. आमच्या अर्जाला निर्देशांचा तक्ता जोडला होता, एका बाजूला निर्देश आणि समोर 'पाळला / नाही / कागद मागितला, मिळाला नाही'. पहिल्याच तारखेला तपास अधिकाऱ्याला शस्त्रनोंद आणि वायरलेस लॉग घेऊन हजर राहायला सांगण्यात आलं.