पेशंटबरोबर कोण आलंय?

"डॉक्टर, नव्या उपचारांनी माणसं जास्त जगायला लागली हे मान्य. पण म्हातारी माणसं वाढली की कमावत्यांवर त्यांचा भार नाही का पडत?"

मी डोळ्यांची डॉक्टर. मोतीबिंदूची ऑपरेशनं करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे निर्दय नसतात. बरेचदा ते घरातल्या कुणाचं तरी करून करून थकलेले असतात. तुम्ही विचारलंत म्हणून मला जे दिसत आलं ते सांगते.

ओपीडीत आम्ही पेशंटचं नाव विचारतो आणि पाठोपाठ विचारतो, "बरोबर कोण आलंय?" मोतीबिंदू पिकलेला माणूस सहसा एकटा येत नाही. त्याचा हात धरून मुलगी असते, सून असते, कधी शाळा बुडवून आलेली नात असते. केसपेपरवर त्या दुसऱ्या माणसाची नोंद होत नाही. पण त्याचाही दिवस बुडालेला असतो, आणि तो एकच दिवस नसतो. आई जिन्यावरून पडेल, गॅस चालू राहील, या धास्तीनं जिनं नोकरी सोडली तिची वर्षंच्या वर्षं त्यात गेलेली असतात. डोळे एकाचे जातात, काम दोघांचं थांबतं.

मी शिकत होते तेव्हा ऑपरेशननंतरही हे फारसं सुटत नसे. डोळ्याला सेंटिमीटरभर छेद घेऊन गढूळ झालेलं भिंग अख्खंच्या अख्खं बाहेर काढायचं. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पेशंटला दिवसचे दिवस उताणं झोपवायचं. त्यानंतर भिंगासारखा जाडजूड चष्मा. त्यातून जग पाव पटीनं मोठं आणि जवळ आलेलं दिसे. कपाचा कान धरायला गेलेली बोटं अलीकडेच मिटत, मग पेशंट ओशाळून हात मागे घेई. दिसत होतं, पण पायरी उतरताना हात धरायला माणूस लागायचाच.

हे बदललं त्याची सुरुवात हॅरल्ड रिडली या ब्रिटिश सर्जनपासून झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेच्या जागी वापरलेल्या पारदर्शक प्लास्टिकचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. डोळे ते कण मुकाट्यानं सोसत होते, लाल होत नव्हते, हे रिडलींच्या लक्षात आलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच प्लास्टिकचं भिंग एका पेशंटच्या डोळ्यात बसवलं. त्यांच्या व्यवसायातल्या मोठमोठ्या लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं वेड्यात काढलं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून शोषून घ्यायची युक्ती काढली. ती त्यांना सुचली डेंटिस्टच्या खुर्चीत, दात साफ करायच्या यंत्रावरून. मग घडी घालता येणारी भिंगं आली. आज छेद अडीच-तीन मिलिमीटरचा, टाका बहुधा नाही, वेळ पंधरा-वीस मिनिटं, आणि पेशंट त्याच दिवशी घरी.

एक बाई आठवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी काढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलीकडे पाहिलं, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "अगं, तुझे केस कधी पिकले?" मुलगी काही बोलली नाही. तिच्या मांडीवर आईची पिशवी होती, तिचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

दृष्टी अधू झाल्यामुळे जगाचं दरवर्षी सुमारे ४११ अब्ज डॉलर इतक्या उत्पादकतेचं नुकसान होतं, असा जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेला अंदाज आहे. आकडा प्रचंड आहे, पण तो वाचताना मला त्या पिशवीवरचे हातच आठवतात.

कधीकधी तर नवा शोध बरोबर आलेल्या माणसालाच कामाला लावतो. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरातले तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. शिरेत सुई घालायला प्रशिक्षित माणूस लागतो, भांड्यातून पाजायला आई पुरते. माझ्या मते वैद्यकातली याहून मोठी झेप शोधून सापडायची नाही.

तुमच्या प्रश्नात खरं आहे तेही कबूल करते. २०१९ मध्ये जगाचं सरासरी आयुर्मान सुमारे ७३ वर्षं होतं, पण त्यातली धडधाकट वर्षं साधारण ६३-६४. मधली नऊ-दहा वर्षं आजारपणाची. भार म्हणतात तो या वर्षांचा. त्यापुढे वयाचा आकडा गौण आहे. म्हणून नवीन औषध आलं की मी आधी विचारते, यानं माणूस स्वतःचं स्वतः करू लागेल का? नुसतं अंथरुणातलं आयुष्य लांबवणाऱ्या उपचाराला मी तेवढं मोठं मानत नाही. स्मृतिभ्रंशावर मोतीबिंदूसारखा झटपट इलाज अजून कुणाच्याच हाती नाही, आणि तिथे सोबतीच्या माणसाची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. संशोधनावरचा पैसा तिकडे वळावा असं मला मनापासून वाटतं.

आणि शोध लागला म्हणजे तो पोहोचला असं नाही. हातखंडा झालेलं ऑपरेशन असूनही जगात अंधत्वाचं पहिलं कारण आजही मोतीबिंदूच आहे. याचा मला राग येतो, इतक्या वर्षांनीही.

त्या बाई महिन्याभरानं तपासायला आल्या. नाव विचारून झाल्यावर सवयीनं मी विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "ती कामावर गेलीय."