सगळे ओळखीचे, मग खून लपतो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: रामबाग किंवा राजेंद्रनगरसारखी वस्ती घेतली, जिथे कुणाकडे दुधाच्या किती पिशव्या येतात तेसुद्धा शेजाऱ्याला ठाऊक, तर तिथला खून तीनशे पानं उलगडत नाही हे वाचकाला पटवायचं कसं? इंदूरच्या मराठी वस्तीत रहस्यकथा घडवायला निघालेले बरेच जण याच ठिकाणी थांबतात.

थांबतात, कारण ते खून लपवायच्या मागे लागतात. अशा वस्तीत लपत काहीच नाही. लोक गप्प बसतात. तेव्हा आधी ते गप्प बसणं रचा, खुनाची युक्ती मागाहून सुचली तरी चालेल.

वहीत चार रकाने पाडा. माणसाला काय माहीत आहे, कधीपासून, कुणाकडून कळलं, आणि बोलला तर त्याचं काय जाईल. बारा माणसं पुरतात. त्यातल्या पाच-सहांचा शेवटचा रकाना ठळक भरलेला हवा. तो कोरा असलेला माणूस तिसऱ्या प्रकरणातच बोलून मोकळा होईल, त्याला दूरच ठेवा. आणि प्रत्येकाचं कारण वेगळं पाहिजे. १९६१च्या मध्य प्रदेशातल्या भाडे कायद्याच्या आधारावर नाममात्र भाड्यात राहणारा जुना भाडेकरू मालकाविरुद्ध बोलत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मुलीचं ठरत आलेलं लग्न दिसतं. मंडळाच्या खजिनदाराला स्वतःची वर्गणीची वही कुणी उघडायला नको असते. एकाला तर फक्त उपकाराची जाणीव आहे, त्याच्या आजारपणात त्याच घरातून डबा येत होता. सगळ्यांनी मिळून शपथ घेतली असं दाखवलंत की वस्ती नाटकी होते. कुणी कुणाला काही न सांगता बाराजण गप्प राहिले की वाचकाच्या अंगावर काटा येतो, कारण हे त्याने आपल्या गल्लीत पाहिलेलं असतं.

आता खुनामागचं जुनं गुपित. ते फार मोठं करू नका. तस्करांची टोळी वाड्यात शोभत नाही. पण कायद्याने त्याचं वजन किती, ते तपासून घ्या. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षा आहे, त्याची दखल ३ वर्षं उलटल्यावर न्यायालय सहसा घेत नाही. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या किरकोळ चोरीवरून कुणी कुणाला आज तुरुंगाची भीती घालू शकत नाही, भीती उरते ती अब्रूची. खोटं मृत्युपत्र मात्र वेगळं. त्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि खुनाप्रमाणे त्यालाही मुदतीची अट नाही. होळकरांच्या काळचे मोडीतले कागद घरात असतील आणि ते वाचू शकणारा माणूस वस्तीत एकच उरला असेल, तर त्या एका माणसाभोवती अर्धी कादंबरी उभी राहते.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाचा वाटणारा पुरावा श्राद्धाच्या तिथीचा. पितृपक्षात मृत्यूच्या तिथीला श्राद्ध होतं. अपघाताने, शस्त्राने, एकूण अनैसर्गिक मृत्यू आलेल्यांचं होतं ते चतुर्दशीला. पंचांगात त्या दिवसापुढे ‘शस्त्रादिहत’ छापलेलं असतं. आता घर म्हणतं, धाकटे काका झोपेतच गेले, हृदयविकार. आणि दरवर्षी त्यांचं पान वाढलं जातं चतुर्दशीला. ‘त्यांची तिथीच चतुर्दशी होती’ हा खुलासा टिकत नाही, कारण त्या तिथीला साधा मृत्यू आलेल्याचं श्राद्ध रूढीने सर्वपित्रीला घालतात. याहून धारदार उलटा प्रकार. माणूस घर सोडून निघून गेला, तो परत आलाच नाही. कायदा ७ वर्षांनी तो मेला असं मानू शकतो, रूढी १२ वर्षं वाट पाहते, आणि तिथी ठाऊक नसलेल्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला. मग या घरात ते नेमकं सप्तमीला कसं होतं? तो सप्तमीला गेला हे त्यांना सांगितलं कुणी? घराघरांत रीत थोडी बदलते, म्हणून त्या घराची रीत आधीच एखाद्या साध्या प्रसंगात, सोवळ्या-ओवळ्याच्या बोलण्यात दाखवून ठेवा. नाहीतर शेवटी वाचक म्हणेल, आमच्याकडे असं नसतं.

तिथी धरली की कालक्रम आपोआप सुचतो. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिची झांकी निघत राहिली. पहाटेपर्यंत मोहल्लाच्या मोहल्ला रस्त्यावर, घरं रिकामी, म्हातारी माणसं तेवढी ओट्यावर. नवा खून त्या रात्री घडवा. तिथून पितृपक्षातल्या चतुर्दशीपर्यंत एकच पंधरवडा आहे, तेवढ्यात कादंबरी बसवा. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या डीव्हीआरमधली १ टीबीची डिस्क कॅमेऱ्यांच्या संख्येप्रमाणे साधारण एक ते तीन आठवड्यांत भरते आणि जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं. तपासाची घाई तुम्हाला निराळी निर्माण करावी लागत नाही. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, मोह मात्र आवरा. तोंडाला रंग लावलेला खुनी फार जणांना सुचतो. मोबाइल टॉवरवरही फार विसंबू नका. दाट वस्तीत एकाच टॉवरखाली आख्खी गल्ली येते, कोण कुठल्या जिन्यावर होता ते त्यातून कळत नाही.

प्रेताबद्दल चुका फार होतात. ‘अंग थंडगार, म्हणजे आठ तास झाले’ हे वाक्य मे महिन्यातल्या इंदुरात लिहू नका. भर दुपारी बंद खोलीचं तापमान ४० अंशांच्या पुढे असेल, तर शरीर निवतच नाही. ताठरपणा १-२ तासांत पापण्या-जबड्यापासून सुरू होतो, साधारण १२ तासांत अंगभर येतो आणि उकाड्यात दीड दिवसाच्या आत उतरूही लागतो. रहस्यकथेला खरी उपयोगी खूण म्हणजे रक्त साकळल्याचे जांभळे डाग. शरीराच्या खालच्या बाजूला ते जमतात आणि साधारण ६ ते ८ तासांत पक्के होतात. प्रेत पालथं सापडलं आणि डाग पाठीवर असले, तर माणूस आधी काही तास उताणा पडून होता आणि नंतर कुणीतरी त्याला हलवलं. हलवायला वाड्यात दोन माणसं लागतात, कारण जिना अरुंद. वहीतला दुसरा गप्प माणूस तिथे भेटतो.

पोलिसांची भाषा इथली ठेवा. महाराष्ट्रात अकस्मात मृत्यूची नोंद होते, इथे ‘मर्ग कायम’ होतो. ठाण्याचा प्रमुख पीआय नसून टीआय (टाउन इन्स्पेक्टर) असतो. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे, म्हणून वर एसीपी, डीसीपी; कथानक त्याआधीचं असेल तर सीएसपी (शहर पोलीस अधीक्षक) आणि एसपी. १ जुलै २०२४ नंतरच्या खुनाला ३०२ म्हणू नका, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. व्हिसेरा, म्हणजे प्रेतातून काढलेले अवयव, सविस्तर तपासायला सागरच्या प्रयोगशाळेत गेला तर त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी आणू नका. तुमच्या पंधरवड्यात तो येणारच नाही असं धरून चाला.

पण कायद्यातली एक तरतूद मुद्दाम आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. संशयास्पद मृत्यूचा पंचनामा परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समोर करायचा असतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये ते आहे. वस्ती छोटी असेल तर हे प्रतिष्ठित कोण? मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मास्तर, किराणावाले. तुमच्या वहीतलीच माणसं. खुनाचं कारण ज्यांना ठाऊक आहे तेच प्रेताशेजारी उभे राहून कागदावर सही करतात. हा प्रसंग अर्ध्या पानात उरकू नका. पंचाने पेन कुणाकडून मागितलं, सही मराठीत केली की हिंदीत, प्रेताच्या हाताकडे बघायचं त्याने टाळलं का, सगळं येऊ द्या.

जबाबाच्या प्रसंगाला तर इंदूरच्या लेखकाने अजून हातच घातलेला नाही असं मला वाटतं. घरात मराठी, ठाण्यात हिंदी. काकू सांगतात, “दादांनी किल्ली घेतली, मग अण्णा गेले.” मुन्शी लिहून घेतो: दादाजींनी चावी घेतली, त्यानंतर अण्णाजी घरातून निघून गेले. मराठीतला दादा थोरला भाऊ, हिंदीतला आजोबा. आणि काकूंचं ‘गेले’ म्हणजे वारले. जाऊबाईंचंही तसंच, मराठीत थोरली-धाकटी दोघी जावाच, हिंदीत मुन्शीला जेठानी किंवा देवरानी यातलं एक निवडावंच लागतं, आणि तो अंदाजाने निवडतो. पोलिसांपुढच्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे काकू तो वाचून बघतीलच असं नाही. आठ प्रकरणं तपास आजोबांच्या मागे फिरू द्या. वाचकाने मराठी वाक्य ऐकलेलं आहे, त्याच्याशी कुठेही लबाडी झालेली नाही.

शेवट. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून टीआयपुढे कबुली देववू नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही; तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर त्या सापडण्याशी जोडलेला भाग तेवढा चालतो. अशा पानांवर जाणता वाचक पुस्तक मिटतो. पण खुनी एखाद्या घरच्या माणसाजवळ मनाने बोलला, तर ते न्यायालयात मांडता येतं. पुरावा कच्चा, त्याला इतर आधार लागतो, पण चालतो. म्हणून कबुली आजीजवळ होऊ द्या, चतुर्दशीच्या स्वयंपाकाच्या वेळी, वड्यांचं पीठ भिजत असताना. आजीच्या नावापुढचा शेवटचा रकाना वहीत सगळ्यात जास्त भरलेला असला पाहिजे, नातू आहे तो तिचा. मग ती पदराला हात पुसून उठते, आणि ठाण्यात येताना मुन्शीला हिंदीत सांगायला कुणाला बरोबर घेते, ते तुम्ही ठरवा.