बोअरिंग बार ते व्ही-८ : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

बऱ्याच जणांनी विचारलं की दर्यापूर तालुक्यातल्या बोअरिंगच्या दुकानात अमेरिकन पिकअपचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन काय करून राहिलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. लांबेल थोडं, मधातलं सोडून वाचलं तरी चालते.

दुकान बाबांनी टाकलं. टिनाचं शेड, एक लेथ अन् एक जुना बोअरिंग बार, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठं करायचं मशीन, बस. काम सगळं शेतातल्या डिझेल पंपाचं, किर्लोस्कर नाहीतर फील्डमार्शल. आमचा भाग खारपाण पट्ट्यातला, पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारं, अन् तेच पाणी लोक इंजिनाच्या कूलिंगला वापरायचे, त्यामुळे वॉटर जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची जागा, आतून सडायचं, लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, बाहेरच्या बाजूनं खड्डे पडायचे आणि दुसरीकडं जे लायनर आरामात चालायचे ते आमच्याकडं लवकर आटपायचे. शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं, पण खरं सांगायचं त आमचं घर त्याच खाऱ्या पाण्यावर चाललं. पुढं विजेच्या मोटारी आल्या, डिझेल पंप कमी झाले, ट्रॅक्टर वाढले. तेव्हा मी दुकानात बसायला लागलो होतो, बँकेचं कर्ज काढून सेकंडहँड क्रँक ग्राइंडर घेतलं (क्रँक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा दांडा), मग सिलिंडर आतून गुळगुळीत करायचं होनिंग आलं, पिस्टन अन् क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बिग एंड, म्हणजे क्रँककडचं तोंड, साईझ करायचं मशीन आलं. आता नव्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवाल्या डिझेल, गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमध्येच जातात, आपल्याकडं जुने ट्रॅक्टर, थ्रेशर आणि हौशी लोकांच्या गाड्या. हौशी लोकांना मी आधी टाळत होतो, कारण त्यांना वेळ नसते आणि प्रश्न फार असतात. आता टाळून परवडत नाही.

त्यातलेच हे सेठजी. जिनिंग आहे त्यांचं. १९७२ ची शेवरलेट सी-१० पिकअप, आत ३५० चं स्मॉल ब्लॉक इंजिन, म्हणजे ३५० क्युबिक इंच, आपल्या भाषेत ५.७ लिटर. गाडी निळा धूर मारत होती, हेड उतरवलं त बोअरला वरच्या बाजूला नखाला लागेल एवढी धार. सेठजी म्हणाले, "भाऊ, खोललंच आहे त ताकद वाढवून दे. रेस नाही लावायची, चिखलदऱ्याचा घाट माणसं बसवून टॉप गिअरमध्ये चढली पाहिजे. अन् पैसे सांभाळून." आता घाट चढायचा म्हणजे वरचे आरपीएम कामाचे नाहीत, खालून ओढणारा टॉर्क पाहिजे, आणि त्याचा जुना जाणता उपाय म्हणजे स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, वाढवणे, अशा इंजिनालाच स्ट्रोकर म्हणतात.

हिशोब सोपा आहे. ३५० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच. त्याच घराण्यात १९७० ला ४०० नावाचं इंजिन आलं, त्याच्या क्रँकचा स्ट्रोक ३.७५. तो क्रँक ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवायचा आणि बोअर तीस थाव (एक थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा करायचा, म्हणजे ४.०३० इंच, की ३८३ क्युबिक इंच होते, सव्वासहा लिटरच्या जरा वर. फक्त ४०० च्या क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकमध्ये बसून फिरणारे गोल भाग, २.६५ इंचाचे आणि ३५० चे २.४५ चे, म्हणून जुने अमेरिकन मिस्त्री ते ग्राइंड करून बारीक करायचे. आता त्याच मापाचे तयार क्रँक मिळतात. पिस्टनही वेगळे लागतात. स्ट्रोक वाढला की पिस्टन वर जवळपास साडेतीन मिलिमीटर जास्त येते, म्हणून पिस्टन रॉडला जोडणारी गजन पिन पिस्टनमध्ये तेवढी वर सरकवलेली पाहिजे, नाहीतर पिस्टन ब्लॉकच्या बाहेर डोकं काढते.

बाबांना हे सांगितलं त म्हणाले, "अबे मंग विकत काऊन आणतं? आपल्या ग्राइंडरवर ऑफसेट मार." म्हणजे क्रँकवर रॉड बसते तो जर्नल मधोमध न घासता एका बाजूनं जास्त घासायचा, त्यानं स्ट्रोक वाढते. खरंच वाढते. पण ३५० चा रॉड जर्नल २.१०० इंचाचा आहे, तो २.००० वर नेला तरी स्ट्रोक जास्तीत जास्त ३.५८ होते, आणि बारीक तोंडाचे रॉड बाहेरून मागवावेच लागतात. पंपाच्या इंजिनाला आम्ही वेल्डिंगनं भरून ऑफसेट मारलेले आहेत, पण हा क्रँक ओतीव लोखंडाचा, त्याला वेल्डिंग भरून घाटात माणसं बसवायची हिंमत माझ्यात नाही. बाबा दोन मिनिटं क्रँक हातानं वाजवून पाहत राहिले अन् म्हणाले, "नाही, हा भरू नको."

बजेटचं म्हणाल त तिकडच्या मिस्त्र्यांचे सल्ले वाचून इकडं हिशोब लावू नका, साफ उलटं होते. अमेरिकेत मजुरी महाग आणि पार्ट स्वस्त, म्हणून ते म्हणतात जुने रॉड दुरुस्त करत बसू नका, नवीनच घ्या. आपल्याकडं मजुरी घरची आणि लोखंड वजनावर येते, एकटा क्रँकच पंचवीस किलोच्या आसपास, त्यावर भाडं, त्यावर ड्युटी. म्हणून मी असं ठरवलं की जे आमच्या मशीनवर सुधरते ते बाहेरून आणायचंच नाही. क्रँक, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा आणि रॉडचे बोल्ट एवढंच बाहेरचं. रॉड जुनेच, ५.७ इंचाचे, क्रॅक तपासून, नवीन बोल्ट टाकून बिग एंड साईझ करायचे. त्या रॉडचे खांदे वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या अगदी जवळून जातात, बोल्टची डोकी ब्लॉकच्या खालच्या कडेला, ऑइल चेंबरच्या बाजूला, लागायला करतात, तिथं ग्राइंडरनं जागा करावी लागते. हे काम दिसायला फालतू आहे पण हातानं इंजिन फिरवून, प्रत्येक रॉडपाशी फिलर गेज घालून पाहायचं, घाई केली त पहिल्याच दिवशी ठक.

क्रँक मी आतून बॅलन्स होणारा निवडला. जुन्या ४०० चा क्रँक बाहेरून बॅलन्स केलेला असतो, म्हणजे समोरचा डॅम्पर (क्रँकची थरथर शोषणारं चाक) आणि मागचं फ्लायव्हील दोन्ही त्याच्याच वजनाचे लागतात, पुन्हा तेवढं लोखंड बोटीतून. आतला बॅलन्स घेतला की सेठचं जुनं फ्लायव्हील, जुना डॅम्पर तसाच राहते. बॅलन्सिंग मशीन आमच्याकडं नाही, क्रँक राजकोटला पाठवावा लागेल, पिस्टन-रिंग-रॉडचं सगळं वजन मोजून. या खर्चाला कात्री लावायची नाही हे सेठला पहिल्याच बैठकीत सांगितलं.

हेड जुनेच ठेवतो, ७६ सीसी चेंबरचे, म्हणजे पेट्रोल जळायची जागा तेवढी. लोक त्या हेडला नावं ठेवतात, वर श्वास पुरत नाही म्हणतात, पण घाटातल्या गाडीला कुठं साडेपाच हजार आरपीएम पाहिजे! सपाट पिस्टन आणि हे हेड धरलं त कॉम्प्रेशन सव्वानऊला एकच्या आसपास येते, आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोका, होणार नाही. ६४ सीसीचे हेड लावले असते त साडेदहाच्या घरात गेलं असतं. कॅमही सौम्यच. कार्ब्युरेटर जुनाच, फक्त ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलमुळे रबराचे पाइप आणि डायफ्राम बदलायचे अन् जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) थोडे मोठे, कारण इथेनॉल असलं की इंधन जास्त लागते.

आता खरी अडचण, जी कोणत्याच अमेरिकन हिशोबात नाही. या गाडीच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी गेलं. कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूची झाकणं, काढले त जॅकेटमधून लाल गाळ निघाला, चमच्यानं काढावा लागला. बाहेरून ब्लॉक चांगला दिसते पण भिंती किती उरल्या कोण सांगणार, म्हणून तीस थाव मारायच्या आधी अमरावतीच्या एमआयडीसीतून अल्ट्रासोनिक गेज आणून प्रत्येक सिलिंडरची जाडी चारही बाजूंनी मोजली. दोन सिलिंडर बारीक निघाले, बाकी ठीक. सेठजींचा चेहरा उतरला, मला मात्र हायसं वाटलं, कारण सडलेल्या भिंतीत लायनर ठोकणं हे आमचं जन्माचं काम आहे, तिकडं याचे डॉलर मोजले असते, इथं दोन लायनर अन् आमची मजुरी.

तर सध्या असं आहे. लायनर बसले, बोअर मात्र पिस्टन हातात आल्याशिवाय शेवटच्या मापाला नेणार नाही, कारण डब्यावर लिहिलेलं माप आणि मायक्रोमीटरचं माप एकच असेल असं मी धरत नाही. पार्टची ऑर्डर गेली. तोवर सोयाबीन निघालं, थ्रेशरवाले रांगेत उभे आहेत, त्यांचं आधी.

पहिल्यांदा चालू करायचं तेही ठरलंय. जुन्या पद्धतीचा कॅम आहे, म्हणून सुरू झाल्या झाल्या २००० आरपीएमच्या वर न्यायचं आणि वीस मिनिटं खाली सोडायचं नाही, नाहीतर कॅम आणि त्यावर घासणारे टॅपेट एकमेकांना खातात. ऑइल झिंक जास्त असलेलंच टाकणार. सेठजी त्या दिवशी पाव्हणे आणि ढोलताशा आणतो म्हणत होते, त्यांना आत्ताच सांगून ठेवलं, सेठजी, ढोल दुसऱ्या दिवशी वाजवा, त्या वीस मिनिटांत मला टॅपेटचा आवाज ऐकायचा आहे.