पोराचा थ्रो सुधारेल का?

"ताई, कोचिंगनं थ्रो सुधारतो का हो? की नेम जन्मतःच असावा लागतो?"

यंदा गणपतीत, इथे अमेरिकेत, बफलो शहरातल्या एका घरी आरती झाल्यावर, एका वडिलांनी प्रसादाची वाटी हातात असतानाच मला हे विचारलं आणि लगेच फोनवर मुलाचा व्हिडिओ दाखवला. मुलगा तेरा वर्षांचा, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे सोबत्यांकडे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. उंच, चपळ, खांदा मोकळा. पण दर तिसरा पास पकडणाऱ्याच्या डोक्यावरून जात होता. असे आईवडील मला दर हंगामात भेटतात, मराठी आणि इतरही. त्या गर्दीत मी अर्धंमुर्धं काहीतरी बोलले. त्या दादांना, आणि हाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांना, आता नीट सांगते.

मी दिवसा फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली अकरा वर्षं संध्याकाळी इथल्या एका शाळेत क्वार्टरबॅक पोरांच्या फेकीवर काम करते. त्याआधी साताऱ्यात, शाहू स्टेडियमवर, भाला फेकायचे. आमचे सर सुरुवातीचे दोन महिने हातात भाला देतच नसत. पुढचा पाय रोवा, कंबर फिरवा, पुन्हा या. पुढचा पाय जमिनीत घट्ट बसला की धावण्यातला जोर वर चढतो, कंबरेतून छातीत, छातीतून खांद्यात, आणि हात सगळ्यात शेवटी सुटतो. बायकांचा भाला ६०० ग्रॅमचा, हा लांबट चेंडू साधारण ४०० ग्रॅमचा. क्वार्टरबॅकला धावत यायला जागाही नसते. तरी जोर येतो त्याच वाटेनं. म्हणून कुठल्याही पोराचा थ्रो बघताना मी आधी त्याचे बूट बघते.

व्हिडिओतल्या मुलाचंही तेच होतं. फेकताना तो पुढचा पाय फार लांब टाकत होता. पाऊल लांब पडलं की अंगाचा भार मागेच राहतो, छाती आभाळाकडे उघडते आणि चेंडू वर चढतो. वडिलांना वाटत होतं की कोपर चुकतंय. कोपर खाली होतंच, पण ते पायाच्या चुकीचा परिणाम होतं. अशी चूक सुधारते, आणि तेरा वर्षांच्या पोरात बऱ्यापैकी लवकर सुधारते. मी गवतावर पांढरी पट्टी चिकटवते, त्याचं पाऊल कुठे पडायला हवं ते दाखवते आणि चेंडू न देता शंभर वेळा ते पाऊल टाकून घेते. मग दहा यार्डांवरून सावकाश थ्रो. वीस यार्डांवर नुसता एक अंश चुकला तरी चेंडू फूटभर बाजूला जातो, आणि पकडणारा धावत असताना फूटभर म्हणजे पास गेला. इतकी बारीक चूक हातानं सावरता येत नाही. पाऊल रोज एकाच जागी पडायला लागलं की ती आपोआप कमी होते.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक पालकाला पहिल्या भेटीत विचारते: चेंडू कुठल्या मापाचा आहे? बरेच वडील प्रेमापोटी पोराला मोठ्या माणसांचा, कॉलेजात वापरतात तो चेंडू आणून देतात. दहा वर्षांच्या मुलाची बोटं शिवणीवर पोचतच नाहीत. मग चेंडू निसटू नये म्हणून तो तळहातावर ठेवून ढकलतो, गोळाफेकीसारखा. कोपर खाली येतं, मनगट आखडतं, चेंडू गिरकी न घेता डुगडुगत जातो. दोन वर्षं असं फेकलं की तेच त्याच्या अंगात बसतं, आणि मग लोक पैसे देऊन ते काढायला येतात. मुलांसाठी वयाप्रमाणे लहान मापाचे चेंडू मिळतात. कित्येकदा मी दुसरं काहीही केलेलं नाही, फक्त चेंडू बदललाय, आणि महिन्याभरात पोराचा थ्रो ओळखू येईनासा झालाय.

आता तुम्ही म्हणाल, जॉश ॲलनचं काय? बफलोत हे नाव निघतंच.

२०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीनं निवडतात तेव्हा, आमच्या बफलो बिल्स संघानं या क्वार्टरबॅकला सातव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा गावात दोन तट होते. वायोमिंग विद्यापीठात त्याचे शंभरातले छप्पन्न पास पोचायचे, आणि ज्याला कॉलेजात नेम नाही त्याला व्यावसायिक लीगमध्ये तो येत नाही, असं सगळे जाणते सांगत होते. मीही तेच म्हणत होते. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के पास पोचले, दुसऱ्या वर्षी ५८.८, आणि तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, ६९.२. पुढे २०२४च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझं चुकलं होतं, आणि ते चुकलं याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो.

ॲलन हंगामाबाहेर कॅलिफोर्नियात जॉर्डन पामरकडे काम करायचा. पामर स्वतः व्यावसायिक क्वार्टरबॅक होता. २०२०च्या तयारीत ख्रिस हेस या शरीराच्या हालचालींच्या तज्ज्ञाच्या मदतीनं ॲलनच्या अंगाचे कोणते भाग कोणत्या क्रमानं फिरतात हे यंत्रांनी मोजून घेतलं. डोळ्यांना जे अंधुक दिसतं ते आकड्यांत आलं. त्याचे २०१८चे आणि २०२०चे सामने मी शेजारी शेजारी लावून कितीतरी रात्री पाहिलेत. आधीच्या सामन्यांत पाय अजून जागेवर यायचेत आणि हात सुटलाय, असं वारंवार दिसतं. जवळचा सोपा पासही बंदुकीच्या गोळीसारखा. नंतरच्या सामन्यांत पाय शांत आहेत, पाऊल लक्ष्याकडे पडतंय, आणि जवळचा पास झेलता येईल असा येतोय. हात तोच आहे. त्या हाताला कुणी फारसा धक्का लावला नाही.

पण इथे मला थांबून एक सांगायलाच हवं, कारण ॲलनचं उदाहरण देऊन आईवडिलांना फार मोठ्या आशा विकल्या जातात. त्याच २०२० साली मिनेसोटाहून स्टेफॉन डिग्ज बफलोत आला आणि त्यानं १२७ झेल घेत लीगमध्ये पहिला नंबर काढला. ब्रायन डेबोल २०१८ पासून आक्रमणाची आखणी करत होता, म्हणजे ॲलन तीच भाषा तिसऱ्या वर्षी बोलत होता. रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा, कुठे वळणार हे आधी ठाऊक असलं की चेंडू वेळेवर सुटतो, आणि वेळेवर सुटलेला चेंडू आपल्याला अचूक दिसतो. त्या ६९.२ मधला किती वाटा पायांचा, किती डिग्जचा आणि किती डोक्याचा, हे वेगळं काढता येणार नाही. जो कोच सगळं श्रेय थ्रोच्या तंत्राला देतो, त्याच्याकडे मी माझं मूल पाठवणार नाही.

दुसरं टोक म्हणजे टिम टिबो. फ्लोरिडा विद्यापीठात त्यानं २००७चा हाइजमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला. पण फेकताना त्याचा डावा हात चेंडू घेऊन पार कंबरेपर्यंत खाली जायचा आणि मोठा वळसा घालून वर यायचा. २०१०च्या ड्राफ्टआधी तो वळसा छोटा करायला त्यानं जीव तोडून मेहनत घेतली. मेहनतीत तो कधीच कमी पडला नाही. सरावात हात छोटा व्हायचा. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर आली की जुना वळसा परत. २०११ मध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघासाठी त्यानं २७१ पास फेकले, त्यातले १२६ पोचले. घाबरलेलं शरीर सर्वात जुनी वाट धरतं. म्हणूनच वय महत्त्वाचं. तेराव्या वर्षी जी वाट अजून पायवाट आहे, ती बाविसाव्या वर्षी डांबरी झालेली असते. हात मागे कसा जातो हे विशीनंतर बदलणं फार अवघड. पाय कुठे पडतो हे मोठेपणीही बदलतं, ॲलनचं बदललं तसं.

आणि काही थ्रो बदलूच नयेत. फिलिप रिव्हर्स हा व्यावसायिक क्वार्टरबॅक हात बाजूनं काढून, खांद्यापाशी चेंडू ढकलल्यासारखा फेकायचा. कुठल्याही शिबिरात पहिल्या दिवशी त्याला रांगेतून बाहेर काढलं असतं. २००४च्या ड्राफ्टमध्ये तो चौथा निवडला गेला, पुढे २०२० पर्यंत सलग सतरा हंगाम खेळला आणि शंभरातले जवळपास पासष्ट पास पोचवत राहिला. त्याचा हात झटकन सुटायचा आणि प्रत्येक वेळी तसाच सुटायचा.

हे मला वेळेवर कळलं असतं तर एका मुलाचं नुकसान टळलं असतं. माझ्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. चौदा वर्षांचा मुलगा, कोपर खांद्याच्या खाली, पण नेम सुंदर. मला ते कोपर बघवेना. आख्खा उन्हाळा मी ते वर उचलायला लावलं. ऑगस्टमध्ये त्याचा थ्रो चित्रातल्यासारखा दिसत होता, आणि पास कुठेही जात होते. तो फेकता फेकता विचार करायला लागला होता. चेंडू हातात असताना डोळे रिसीव्हरवर हवेत, त्याचे आत, स्वतःच्या कोपरावर होते. सप्टेंबरमध्ये मी म्हटलं, जाऊ दे, पहिल्यासारखा फेक. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "कोच, पहिल्यासारखा म्हणजे कसा?" पुढच्या वर्षी तो बचावाच्या फळीत गेला. आनंदानं खेळला, हे खरं आहे. पण पुन्हा पास फेकला नाही. तेव्हापासून मी पहिले दोन आठवडे कुणाच्याही हाताबद्दल चकार शब्द काढत नाही. चेंडू कुठे पडतोय ते वहीत लिहिते. पास पोचत असेल तर हात कसाही दिसो.

राहिला नेम. नेमाचा एक भाग अंगाचा आहे, तो वर सांगितला. दुसरा डोळ्यांचा आणि वेळेचा, आणि तो शिकवता येतो यावर माझा पक्का विश्वास आहे, फक्त तो वेगळ्या प्रकारे शिकवावा लागतो. एकट्यानं जाळ्यात चेंडू फेकून तो येत नाही. मागे तीन पावलं टाकली की कुठला पास, पाच टाकली की कुठला, हे पायांना पाठ व्हावं लागतं, आणि समोर खरा पळणारा माणूस हवा, शक्यतो तोच, महिनोन्‌महिने. वडिलांना मी सांगते की महागडं शिबिर एक कमी करा आणि संघातल्या दोन रिसीव्हर मुलांना रविवारी घरी बोलवा, खाऊपिऊ घाला, अंगणात खेळू द्या.

तिसरा एक भाग आहे जो मी कुणाला देऊ शकलेले नाही. काही मुलांना चेंडू नुसता हातात घेतल्यावर कळतं तो किती लांब जाईल. अकरा वर्षांत अशी दोन मुलं पाहिली. त्यांना मी जवळजवळ काहीच शिकवलं नाही.

आणि एकदा सुधारला म्हणजे संपलं, असंही नसतं. नावाजलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी किशोरवयापासून कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओचे कोच टॉम मार्टिनेझ यांच्याकडे शिकला. लीग जिंकून झाल्यावरही फेक बिघडल्यासारखी वाटली की तो त्यांच्याकडेच जायचा, २०१२ मध्ये ते वारेपर्यंत. गवई रोज षड्ज लावतो तसंच हे.

तर दादा, तुमच्या मुलाचं पाऊल सुधारेल. ते या हंगामात होणार नाही; सामने चालू असताना मी कुणाच्या पायाला हात लावत नाही, नाहीतर तो धड जुनाही राहत नाही आणि नवाही होत नाही. नोव्हेंबर संपला, सामने संपले की शनिवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या जिममध्ये घेऊन या. त्याला कोपराबद्दल घरी काही बोलू नका. व्हिडिओ काढलात तर पाय दिसतील असा काढा. आणि चेंडू कुठल्या मापाचा आहे तेवढं आधी कळवा.