ट्रॅव्हलर अपडेट: गळती सापडली, पाचगावच्या पावसात

गळती सापडली! राहण्यासाठी तयार केलेल्या माझ्या ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये कपाटावरच्या कोपऱ्यातून टपकणाऱ्या ज्या पाण्यापायी रूफ व्हेंट (छतावरचा हवेचा झरोका) उचकून नवं ब्यूटाइल (चिकट सीलिंग पट्टी) लावून परत बसवला (मागच्या अपडेटमध्ये फोटो आहेत), त्या पाण्याचा व्हेंटशी काडीचा संबंध नव्हता. हे कळायला कोल्हापूरचा पाऊस आणि अडकून पडलेला आजचा दिवस लागला.

बेत होता गगनबावड्याला जाऊन करूळ घाट उतरायचा. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आल्याचं सकाळीच कळलं आणि विषय संपला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आहे, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, त्यामुळं इथं घराघरांत हाच आकडा चालू असतो. गाडी पाचगावात मित्राच्या दारात, उंचावर उभी आहे. पुराची काळजी नाही.

विजेचं थोडक्यात सांगतो. ४०० वॉटच्या पॅनेलमधून भर दुपारी एमपीपीटीवर (सोलर चार्जिंगचा कंट्रोलर) ३५ वॉट दिसत होते. इंडक्शन बंद ठेवलं, चहा-भात गॅसवर. तासभर इंजिन चालवलं की ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमधून (चालू इंजिनाची वीज राहत्या भागाच्या बॅटरीत भरणारा) साधारण ४०० वॉट-अवर बॅटरीत जातात, त्यावर फ्रिज आरामात निघाला. पावसाळ्यात फिरणार असाल तर आधी डीसी-डीसी घ्या, जास्तीचं पॅनेल मग.

आता गळती. डोकं फिरवणारी गोष्ट अशी, की छतावर पाइपनं कितीही पाणी मारलं तरी आत थेंब नाही. पावसात गाडी चालवली तरी नाही. रात्री मुक्कामाला मात्र कधी टपकायचं, कधी नाही. आज पहाटेपासून धार लागली होती. मित्राचे वडील, आप्पा, उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काम केलेले. छत्री घेऊन आले, गाडीत चढले, कोपऱ्याकडं नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, "टपकतंय तिथं भोक नसतंय बाळा. पाणी कुठनं चालत आलंय ते हुडक."

म्हणून कोपऱ्यातलं लायनिंगच उतरवलं. वरचा पत्रा कोरडा. फोम कोरडा. ओली होती फक्त सोलरच्या वायरींची काळी कोरुगेटेड नळी, तीही खालच्या वळणावरच. तिथं ब्लेडनं छोटी चीर दिली आणि पाणी भस्सकन मनगटावरून कोपरापर्यंत आलं! खाली कप धरला, तो भरला. नळीच्या प्रत्येक वळीत पाणी साठून होतं आणि ते पुढं सरकत कपाटावर येत होतं. म्हणजे पाणी शिरत होतं ते छतावरच्या एंट्री बॉक्समधून, जिथून सोलरच्या वायरी आत येतात.

शिडी लावून वर गेलो. पॅनेल बसवून देणाऱ्या वर्कशॉपनं दोन्ही वायरी एकाच पीजी १३.५ मापाच्या ग्लँडमधून (वायर आत घेताना पाणी अडवणारं, नटानं आवळायचं बूच) घातल्या आहेत. ग्लँडचं रबर एका गोल वायरीभोवती आवळतं. दोन वायरी शेजारी-शेजारी घातल्या की मधे वर-खाली दोन फटी राहतात, नट कितीही पिळा. ग्लँडचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, त्यामुळं चालत्या गाडीत पाऊस त्याला लागत नाही. पाइपचं पाणीही वरून पडतं. पण इथं गाडीचं तोंड पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा. टॉर्चच्या उजेडात दिसत होतं, प्रत्येक झोताबरोबर वायरींवरचा थेंब फटीपाशी यायचा आणि आत ओढला जायचा. भिजत तिथंच उभा राहिलो, इतका आनंद झाला होता.

खात्री करायला ग्लँडवर प्लास्टिकची पिशवी घालून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. नळी रिकामी झाली तसं टपकणं थांबलं. पिशवी काढली, थोड्या वेळात परत सुरू. आता वाद नाही.

कुणी "सिलिकॉन भर की" म्हणायच्या आधी सांगतो, छतावर सिलिकॉन नको. व्हिनेगरसारखा वास येणारं तर अजिबात नको, ते पत्रा गंजवतं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही. माझा भरवसा पीयूवर (पॉलियुरेथेन सीलंट), सिकाफ्लेक्स २२१. ते हवेतल्या ओलाव्यानंच सुकतं, पण लावताना जागा कोरडी लागते, म्हणून आज पिशवी आणि ट्यूबच.

कायमचा उपाय म्हणून दोन स्वतंत्र पीजी ९ ग्लँड ठरवले होते. ६ स्क्वेअर एमएमची सोलर वायर त्यात बरोबर बसते. आप्पा म्हणतात वर पत्र्याची टोपीही करू. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, छताला भोक हवंच कशाला? आपलं हाय रूफ आहे. मागच्या दाराच्या वर उभी भिंत मिळते. वायरी तिथून खाली आणायच्या, लोंबता लूप सोडायचा आणि खाली तोंड असलेल्या ग्लँडमधून आत घ्यायच्या. पाणी लूपच्या तळाशी येऊन गळून पडेल, वर चढणार नाही. वारा कुठूनही येवो!

ठरलं, टोपी रद्द. उघडीप मिळाली की उद्यमनगरातून २ एमएम ॲल्युमिनियमची प्लेट कापून आणायची आणि जुनं भोक पीयू लावून बंद करायचं. तोवर मुक्काम इथंच. नंतर पाणी ओसरलं तर करूळ, नाहीतर आंबा घाटानं खाली.

एक अडलंय. मागच्या दाराच्या वरच्या पोकळीत कंपनीचं वायरिंग नेमकं कुठून जातं? लायनिंग काढलेल्या ट्रॅव्हलरचा त्या बाजूचा फोटो कुणाकडं असेल तर टाका. तो बघितल्याशिवाय ड्रिल लावणार नाही.