मी मान फिरवली

संध्याकाळपासून एकच गोष्ट मनातून जात नाही. त्याने विचारलं, "बाबा, आपण क-क-क-क..." आणि मी मान फिरवली.

'कधी जायचं' एवढंच विचारायचं होतं त्याला. चार वेळा 'क' आला, मग आवाजच बंद झाला, हनुवटी पुढे आली, डोळे घट्ट मिटले आणि मग अख्खं वाक्य एका दमात बाहेर पडलं. फार तर तीन सेकंद. डोळे उघडले तेव्हा मी दुसरीकडे पाहत होतो. ही म्हणते, या वयात मुलं अशीच बोलतात, शब्द पुढे धावतात आणि जीभ मागे राहते. असेलही. पण ती पुढे आलेली हनुवटी माझ्या ओळखीची आहे. आणि त्यानंतरचा प्रश्न त्याने मला नाही, हिला विचारला.

त्याचं नाव ठरवताना 'क', 'प' आणि 'त'वरची सगळी नावं मी खोडली होती. हिला कारण सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. त्याला हाक मारताना आपण अडायला नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तो स्वतः कधी अडेल, हे सुचलंच नाही. खरं म्हणजे सुचलं असणार. मी तिकडे पाहिलं नसेन.

रात्री वाचत बसलो. शंभरातली साधारण पाच मुलं कधी ना कधी अडखळतात. बहुतेकांचं दोन ते पाच या वयात सुरू होतं आणि त्यातल्या तीन चतुर्थांश मुलांचं काही वर्षांत सुटतं. मोठ्यांमध्ये शंभरात एखादाच उरतो. हायसं वाटलं, ते पुढच्या ओळीपर्यंत. मुलींच्या मानाने मुलग्यांचं कमी सुटतं, आणि घरात कुणाचं मोठेपणीही सुटलेलं नसेल तर मुलाचं न सुटण्याची शक्यता वाढते. घरात कुणाचं, म्हणजे माझं.

जुळ्यांच्या बऱ्याच अभ्यासांत आनुवंशिकतेचा आकडा 70 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर येतो. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. मग पुन्हा वाचलं. तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाबद्दल असतो. एका मुलात रक्ताचं किती आणि घराचं किती, अशी वाटणी त्यातून निघत नाही. एकसारख्या जुळ्यांत जनुकं जवळपास तीच, तरीही एक अडखळतो आणि दुसरा नाही अशा जोड्या सापडतातच. सगळं समजतं, पण मनात 70च राहतो. त्याचे कान हिच्यासारखे, हसू हिच्यासारखं. माझ्याकडून त्याला द्यायला हेच सापडलं का? हे लिहितानाही घसा दाटतोय.

वर्गात धडा ओळीने वाचायचा असायचा तेव्हा आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे मी आधीच मोजून ठेवायचो. त्यात 'क' किती, तेही. मराठीत प्रश्न म्हटला की बहुतेक वेळा 'क' आलाच: काय, कोण, कुठे, कधी, का, कसं, किती. 'कधी' अडणार असं वाटलं तर 'केव्हा' म्हणायचीही सोय नाही. शेवटी मी प्रश्न विचारणंच सोडलं. आणि हा साडेतीन वर्षांचा आहे, दिवसभर प्रश्नच विचारत असतो.

डेनिस ड्रेना या जनुकशास्त्रज्ञाच्या गटाचं 2010 सालचं संशोधन पाहिलं. पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबात पिढ्यानपिढ्या अडखळणारी माणसं होती. त्यांच्यात 12व्या गुणसूत्रावरच्या जीएनपीटीएबी नावाच्या जनुकात बदल सापडला. पेशीतला टाकाऊ माल मोडण्याच्या व्यवस्थेशी संबंधित जनुक आहे हे. बोलण्याशी त्याचा काय संबंध असा प्रश्न पडावा असं. अडखळणाऱ्यांपैकी थोड्यांमध्येच तो बदल असतो. 2025 मध्ये खूप मोठ्या पाहणीत जनुकसंचातल्या 57 जागा हाती लागल्या, म्हणजे एकच दोषी जनुक दाखवता येईल अशी ही गोष्टच नाही. पण मी थांबलो ते उंदरांवर. तोच बदल उंदरांमध्ये घडवला, तर त्यांच्या पिल्लांच्या आवाजांमधले थांबे लांबले. पिल्लाला 'नीट बोल' असं कुणी दटावलेलं नसतं, वर्गात उभं केलेलं नसतं. तरी थांबा येतो.

हे आईला वाचून दाखवायला हवं. माझ्या लहानपणी कुणीतरी तिला सांगितलं होतं, तुम्ही सारखं टोकता म्हणून मुलगा असा बोलतो. ती अजून मधूनच म्हणते, "मी तुला फार टोकलं रे." मी नेहमी विषय बदलतो.

तिला जे सांगितलं गेलं, त्याचं मूळ बहुधा वेंडेल जॉन्सन या अमेरिकन वाचातज्ज्ञाच्या मतात असावं. अडखळणं मुलाच्या तोंडात नव्हे, आईबापाच्या कानात सुरू होतं, असं ते मानत. ते स्वतः अडखळणारे. 1939 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका अनाथाश्रमात त्यांच्या विद्यार्थिनीने 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या चांगलं बोलणाऱ्या मुलांपैकी सहा निवडली. तुमचं बोलणं बिघडतंय, अडखळायचं नाही, असं त्यांना महिनोन् महिने सांगितलं. 2001 मध्ये त्यांच्या आयोवा विद्यापीठाने माफी मागितली. ती मुलं काही तोतरी झाली नाहीत, पण बोलायला घाबरू लागली, गप्प झाली.

इथे आल्यावर मला आबा आठवले.

आबा मितभाषी होते, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मोजकं बोलायचे, तोलून बोलायचे. मीही तेच म्हणत आलो. आज पहिल्यांदा वाटलं, त्यांना खूप बोलायचं असेल. ते जास्त बोलत नसत, कारण बोलताना समोरचा मान फिरवायचा. आबांचा अडखळा माझ्यापर्यंत रक्तातून आला असेल. पण गप्प बसणं, शब्द बदलणं, प्रश्न गिळणं? ते मी पाहून शिकलो. जेवताना ते 'नको' म्हणून हात आडवा करायचे, तसाच हात मीही करतो. 'क'ला घाबरून कितीतरी गोष्टी मी नाकारल्या, त्याची यादी इथे करत नाही.

अर्थात आबांना ते कुणी शिकवलं, कुणास ठाऊक. रागवायचं तरी कुणावर?

पहाटेपर्यंत जागा आहे आणि विचित्र म्हणजे आता बरं वाटतंय. काल संध्याकाळी वाटत होतं की जे व्हायचं ते तो जन्माला येण्याआधीच होऊन गेलं. त्यातलं जे झालंय ते झालंय, ती जनुकं परत घेता येणार नाहीत. तो अडखळेल किंवा सुटेलही. पण त्या तीन सेकंदांत मी कुठे पाहायचं, हे कुठल्याच गुणसूत्रावर लिहिलेलं नाही. 'हळू बोल' म्हणायचं नाही, वाक्य पुरं करून द्यायचं नाही. त्याचं होईपर्यंत पाहत राहायचं. ऐकायला सोपं आहे, पण मला माझ्याच मानेचा भरवसा नाही.

घरात इतिहास असताना 'आपोआप जाईल' म्हणून नुसतं बसून राहू नये, हेही वाचलं. सकाळी स्पीच थेरपिस्टची वेळ घ्यायची आहे. असे फोन नेहमी ही करते. हा मी करणार आहे. तिकडून आधी नाव विचारतील, आणि माझं नाव 'क'वरूनच आहे, ते बदलून सांगता येत नाही. तेव्हा तो जवळपास असला तर असू दे.